श्येनश्या मालिका: पन्नास-साठ भाग जागेवर बसवून ठेवणारं त्यांत नेमकं काय असतं?

रानजाई

चिनी श्येनश्या मालिकांवर सविस्तर बोलावं म्हणून हा धागा काढते आहे. ज्यांना शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: 'श्येन' म्हणजे साधनेनं अमर झालेला, 'श्या' म्हणजे न्यायासाठी शस्त्र उचलणारा वीर. त्यात प्रेमकथा मिसळली की 'द जर्नी ऑफ फ्लॉवर' (२०१५), 'इटर्नल लव्ह' (२०१७), 'अ‍ॅशेस ऑफ लव्ह' (२०१८), 'लव्ह बिटवीन फेअरी अँड डेव्हिल' (२०२२) अशा मालिका तयार होतात. 'इटर्नल लव्ह'चे ५८ भाग, 'अ‍ॅशेस'चे ६३, आणि एकेक भाग पाऊण तासाचा.

प्रश्न असा की हे इतकं धरून का ठेवतं? रेशमी वस्त्रं, देखणे चेहरे, गाणी ही कारणं पुरेशी नाहीत. ती चिनी राजदरबारी मालिकांतही असतात.

माझं मत असं आहे. प्रेमकथेत अडथळा खरा वाटावा लागतो. आजच्या काळातल्या कथेत दोघांनी एकदा नीट बोलून घेतलं तर निम्मे गैरसमज मिटतात, त्यामुळे लेखकाला अडथळा ओढूनताणून आणावा लागतो. श्येनश्यात तो सृष्टीच्या नियमातच असतो. 'जर्नी ऑफ फ्लॉवर'मधला बाय त्सिह्वा छांगल्यू पंथाचा प्रमुख, आणि त्याची शिष्या ह्वा छियेनगू हीच त्याचं 'जीवन-मरणाचं संकट' आहे, म्हणजे तिच्यापायी त्याचा घात व्हायचा हे ठरलेलं. त्या पंथात एक कुंड आहे. ज्याच्या मनात प्रेम नाही त्याला त्याचं पाणी साधं पाणी, ज्याच्या मनात प्रेम आहे त्याची कातडी त्यानं भाजते. बाय त्सिह्वा तोंडानं काहीच कबूल करत नाही, पण हातावरचा व्रण लपवत फिरतो. कबुलीजबाबाची शंभर वाक्यं एका बाजूला आणि तो व्रण एका बाजूला.

तुम्हाला काय वाटतं?

पाऊसपाणी

व्रणाबद्दल +१. मला एक मदत हवी आहे. सबटायटलमध्ये कुणी 'गॉड', कुणी 'इम्मॉर्टल', कुणी 'फेअरी', कुणी 'डीमन'. एकाच पात्राला दोन भागांत दोन शब्द. कोण वरचा, कोण खालचा?

शब्दवेडा

पाऊसपाणी, दोष सबटायटलचा आहे. मूळ शब्द कानानं ओळखायला शिका, आठ-दहाच आहेत.

'शेन' म्हणजे जन्मजात देव. 'श्येन' म्हणजे माणूस किंवा इतर जीव, ज्यानं साधना करून अमरत्व मिळवलं. 'याओ' म्हणजे प्राणी, झाड, फूल, कधी दगडसुद्धा, ज्यानं दीर्घ साधनेनं मनुष्यरूप मिळवलं. 'मो' म्हणजे असुर, तामसी शक्ती. 'क्वेय' म्हणजे भूत, प्रेतलोकातला. 'रेन' म्हणजे माणूस. हे झाले सहा लोक. इंग्रजीत याओ आणि मो दोघांनाही 'डीमन' म्हणून टाकतात आणि तिथेच गोंधळ होतो. याओ दुष्टच असतो असं नाही. आपल्याकडचा सर्वांत जवळचा शब्द 'इच्छाधारी'.

शेन आणि श्येन यांच्यातही पायऱ्या आहेत. 'शांगश्येन' म्हणजे वरच्या दर्जाचा अमर, 'शांगशेन' म्हणजे महादेवता. एका पायरीवरून वरच्या पायरीवर जायचं तर 'च्ये' पार करावा लागतो. हा अख्ख्या प्रकारातला सर्वांत महत्त्वाचा शब्द. सबटायटलमध्ये त्याला 'ट्रिब्युलेशन' किंवा 'ट्रायल' म्हणतात. कधी आकाशातून विजा कोसळतात, कधी पृथ्वीवर माणूस म्हणून जन्म घ्यावा लागतो. त्यातला 'छिंग-च्ये' म्हणजे प्रेमाचं संकट.

आता गंमत बघा. हा 'च्ये' म्हणजे आपला 'कल्प'. बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा 'कल्प'चं 'च्ये-पो' झालं, मग नुसतं 'च्ये' उरलं. कल्पाच्या शेवटी अग्नी, जल आणि वायूनं प्रलय होतो, म्हणून शब्दाचा अर्थ काळाकडून संकटाकडे सरकला. 'मो' हा 'मार' या संस्कृत शब्दावरून, बुद्धाला भुलवायला आलेला तोच मार. मृत्यूचा राजा 'यानलुओ' म्हणजे यमराज. 'छाना' म्हणजे क्षण. 'लव्ह बिटवीन फेअरी अँड डेव्हिल'चा नायक जी आग फेकतो तिला सबटायटलमध्ये 'हेलफायर' म्हणतात, मूळ शब्द 'ये-ह्वो', आणि त्यातलं 'ये' म्हणजे कर्म. कर्माग्नी! इंग्रजीनं अर्थच मारून टाकला.

आणि 'लव्ह अँड रिडेम्प्शन'चा (२०२०, ५९ भाग) नायक यू सफेंग 'चिन-छ-न्याओ' म्हणजे सोनेरी पंखांचा पक्षी आहे. चिनी बौद्ध ग्रंथांत हेच नाव गरुडाला दिलेलं आहे.

घटकाभर

शब्दवेडा, सुरेख प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

काळाच्या मापांचंही सांगतो, कारण तिथेही सबटायटल घात करतं. 'शिचेन' हे दिवसाचे बारा भाग, म्हणजे एक शिचेन दोन तासांचा, आपल्या हिशोबात बरोबर पाच घटका. सबटायटलमध्ये तो कित्येकदा नुसता 'तास' होतो, त्यामुळे 'तीन शिचेनांत विष भिनेल' म्हणजे सहा तास हे लक्षात येत नाही. 'एक उदबत्ती जळेपर्यंत' हे ढोबळ माप, साधारण अर्धा तास धरा. 'एक पेला चहा पिऊन होईपर्यंत' त्याहून कमी.

स्वर्गातला एक दिवस म्हणजे पृथ्वीवरचं एक वर्ष, हा नियम तर आपल्याला शिकवावाच लागत नाही. माणसाचं वर्ष म्हणजे देवांचा एक अहोरात्र, उत्तरायण त्यांचा दिवस आणि दक्षिणायन रात्र, हे पुराणात आहेच. हा नियम कथेत फार उपयोगी पडतो. नायिका पृथ्वीवर साठ वर्षांचं अख्खं आयुष्य जगून मरते, तेव्हा स्वर्गात जेमतेम दोन महिने झालेले असतात. तिथल्या कारस्थानी मंडळींना तिची जागा बळकावायला तेवढे पुरतात.

टाळेबंद

धागाकर्तीशी असहमत. अडथळा सृष्टीच्या नियमातला असतो हे पहिल्या पंधरा आणि शेवटच्या दहा भागांपुरतं खरं. मधल्या तीस भागांत अडथळा म्हणजे एक मत्सरी बाई दाराआडून ऐकते आणि नायक तिचं ऐकून घेतो, एवढाच असतो.

५८ आणि ६३ हे आकडे कथेच्या गरजेतून आलेले नाहीत. त्या काळात निर्माते मालिका वाहिन्यांना आणि संकेतस्थळांना भागागणिक दरानं विकत होते. जितके भाग जास्त तितकी रक्कम जास्त. त्यासाठी चिनीत नेमका शब्द आहे, 'चु-श्वे', पाणी घालणं. पाणी घातल्याच्या खुणा सांगतो. आदल्या भागातला प्रसंग पुन्हा तीन मिनिटं आठवण म्हणून दाखवणं. दुय्यम जोडप्याचं भांडण जेवणाच्या टेबलावर. मुख्य पात्र चालत जाताना पूर्ण गाणं. आणि एकच बातमी चार वेगवेगळ्या दालनांत चार वेगवेगळ्या लोकांना सांगितली जाणं.

फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या रेडिओ-टीव्ही प्रशासनानं ४० भागांची मर्यादा घातली आणि ३० च्या आत ठेवायला उत्तेजन दिलं. त्यानंतरची 'लव्ह बिटवीन फेअरी अँड डेव्हिल' ३६ भागांत आवरली, 'टिल द एंड ऑफ द मून' (२०२३) ४० भागांत. फरक लगेच दिसतो.

रानजाई

टाळेबंद, पाणी घालण्याबद्दल मान्य. पण मर्यादेला पळवाटही निघाली. 'लॉस्ट यू फॉरएव्हर'चे दोन हंगाम केले, २०२३ मध्ये ३९ भाग आणि २०२४ मध्ये २३. बेरीज ६२. आणि ती बेरीज मला जास्त वाटत नाही, कारण तिथे एका नायिकेभोवतीच्या प्रत्येक पुरुषाला पूर्ण माणूस म्हणून उभं करायला वेळ लागतो. लांबी हीच अडचण नाही. लांबी कशानं भरली आहे ते बघायचं.

टाळेबंद

'लॉस्ट यू फॉरएव्हर' अपवाद म्हणून मान्य.

तंबोरा

आवाजाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ओठ आणि शब्द जुळत नाहीत, अशी तक्रार नवे प्रेक्षक हमखास करतात. चित्रीकरण होतं मुख्यतः चच्यांग प्रांतातल्या हंगत्येन चित्रनगरीत, जिथे शेजारी शेजारी अनेक पथकं काम करत असतात. वारा सोडणारे पंखे, दोर ओढणाऱ्यांच्या आरोळ्या, बाजूच्या सेटवरची लढाई. तिथला आवाज वापरता येत नाही. शिवाय तैवान, हाँगकाँगचे कलाकार असले की उच्चार वेगळे. म्हणून नंतर स्टुडिओत व्यावसायिक आवाज-कलाकार सगळं पुन्हा बोलतात. त्यामुळे तीन वेगळ्या मालिकांतल्या तीन नायकांचा आवाज एकच असू शकतो. 'लव्ह बिटवीन फेअरी अँड डेव्हिल'मध्ये नायिका झालेल्या एस्थर यूनं स्वतःचा आवाज ठेवला. तो लाडिक आहे, कुणाला आवडतो, कुणाला नाही, पण श्वास आणि चेहरा एकाच माणसाचे असल्यामुळे रडण्याचे प्रसंग तिथे जास्त भिडतात.

गाण्यांचं काम वेगळं आहे. एक धून एका आठवणीला बांधलेली असते. पहिल्या भेटीत ती बासरीवर हलकी येते, विरहात तीच पूर्ण वाद्यवृंदात. म्हणून शेवटचं गाणं पुढे ढकलू नका, निदान पहिले दहा भाग तरी. पुढे जिथे संवादच नसतो तिथे धून सांगते की नायकाला काय आठवलं.

कळसूत्री

उडण्याबद्दल. दोरांना चिनीत 'वेयया' म्हणतात, इंग्रजी 'वायर'चंच रूप. कलाकाराच्या अंगात कपड्यांखाली पट्ट्यांचं जॅकेट असतं, कमरेला दोन्ही बाजूंना कड्या. झग्याला बाजूनं फटी ठेवलेल्या असतात, त्यांतून दोर बाहेर येतो. वर क्रेनला कप्प्या आणि खाली दोर ओढणारी माणसं. नंतर संगणकावर दोर एकेका चौकटीतून पुसतात.

काय बिघडतं ते ओळखायला सोपं आहे. पोट आणि पाठ ताठ न धरणारा कलाकार पिशवीसारखा लोंबतो, पाय मागे पडतात. ओढणाऱ्यांचा ताल चुकला तर उतरताना लंबकासारखा झोका येतो. कड्यांपाशी झगा गोळा होऊन कमरेवर फुगा दिसतो. आणि केस एकीकडे उडताहेत, बाही दुसरीकडे, असं दिसलं तर पंखा एकाच बाजूला लावलेला आहे. चांगल्या चित्रणात माणूस आधी गुडघ्यात किंचित वाकतो, मग वर जातो, आणि उतरताना टाच नव्हे, चवडा आधी टेकतो. एवढ्यानंही वजन खरं वाटतं.

टोपाची कड हा दुसरा निकष. केस जाळीवर विणलेले असतात आणि जाळी कपाळाला डिंकानं चिकटवतात. घाम आला की कड सुटते आणि कपाळावर पांढुरकी रेघ दिसते. उन्हाळ्यातलं चित्रण यावरून ओळखू येतं.

मंत्र टाकताना बोटांचे जे आकार करतात ते बघण्यासारखे असतात. ताओ पंथाच्या आणि बौद्ध तंत्राच्या हस्तमुद्रांवर ते बेतलेले आहेत. तरबेज कलाकार मुद्रा पूर्ण करून मग हात फेकतो, कच्चा माणूस नुसता पंजा झटकतो. संगणकी प्रकाश दोघांच्याही हातून निघतो, पण पहिल्याच्या हातातली शक्ती पटते.

देवयानी_क

मला गुरु-शिष्या प्रेम पटत नाही. गुरु ज्ञानानं, वयानं, अधिकारानं वर. शिष्या लहानपणापासून त्याच्या छायेत. त्याला प्रेमाचं सोनेरी कोंदण लावलं तरी तराजू असमान राहतोच. 'जर्नी ऑफ फ्लॉवर'मध्ये तो तिला शिक्षा देतो, आणि तरीही आपण त्यांनी एकत्र यावं म्हणून तळमळत राहतो. प्रेक्षकांना याबद्दल प्रश्न पडले पाहिजेत.

शब्दवेडा

देवयानी, तुमच्या नावातच याचं उदाहरण आहे. शुक्राचार्यांच्या पोटातून बाहेर आलो म्हणून आपण भावंडं, असं सांगून कच देवयानीला नाकारतो. म्हणजे गुरुकुलातलं नातं रक्ताच्या नात्याइतकंच बांधतं ही समजूत आपल्याकडेही होती. चिनीत ती शब्दातच आहे. 'शिफू'मधल्या 'फू'चा अर्थ वडील. एकाच गुरूचे शिष्य 'शिश्युंग' म्हणजे मोठा गुरुबंधू आणि 'शिच्ये' म्हणजे मोठी गुरुभगिनी. म्हणून त्या प्रेमाला तिथे निषिद्ध मानतात आणि म्हणूनच मालिकेत ते भीषण वाटतं. कथा त्याला बरं म्हणत नाही. दोघांचाही सर्वनाश दाखवते.

देवयानी_क

सर्वनाश दाखवते हे खरं, पण कॅमेरा त्याला सुंदरही करून दाखवतो. मुद्दा सोडत नाही. तरी कच-देवयानीचा दाखला आवडला.

बोरकूट

गंभीर चर्चेत एक हिशोब. 'इटर्नल लव्ह'ची नायिका बाय छियेन १,४०,००० वर्षांची, नायक ये ह्वा ५०,००० वर्षांचा. बायको नव्वद हजार वर्षांनी मोठी! आपल्याकडे दोन वर्षांनी मोठी असली तरी आत्या-मावश्या बैठक बसवतात. मालिकेत सगळा लोक तिला 'कूकू' म्हणजे आत्याच म्हणतो.

पाऊसपाणी

आणि माणूस झाल्यावर तिचं नाव 'सूसू'. मराठी घरात लहान मूल जवळ असताना ही मालिका मोठ्या आवाजात लावू नये :)

बोरकूट

चिनी प्रेक्षकांचा एक वाक्प्रयोग या मालिकांना चपखल बसतो, 'चुइ-छी ह्वोत्सांगछांग', म्हणजे बायकोची मनधरणी करता करता स्मशान गाठणं. आधी नायक तिला दुखावतो, ती सोडून जाते, आणि मग तो उरलेले वीस भाग जळत राहतो. हे प्रेक्षक त्रास देणाऱ्या प्रसंगाला 'सुरी' म्हणतात आणि गोड प्रसंगाला 'साखर'. अनुभवी प्रेक्षक साखर जास्त झाली की सावध होतो, पुढच्या भागात सुरी आहे.

चौकटराजा

उच्चारांसाठी मराठी माणसाची एक सोय आहे, ती वापरा. चिनी नावांत इंग्रजी 'झेड' दिसला की हिंदी भाषक अडतो, आपण नाही. तो आपल्या 'चाक', 'चमचा'तला च. 'चहा'तला नव्हे. 'सी' दिसला तर तोच च हवा सोडून म्हणा. 'क्यू' म्हणजे जीभ पुढे आणून छ. 'एक्स' म्हणजे श. 'जे' म्हणजे 'चहा'तला च, हवा न सोडता. एवढ्यानं ऐंशी टक्के नावं ऐकू येतात तशी म्हणता येतील.

मूळगाव

हा प्रकार कुठून आला तेही थोडक्यात. तलवारीवर उभं राहून उडणारे साधक लोकप्रिय केले ते १९३२ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या शू पर्वताच्या तलवारवीरांच्या प्रदीर्घ कादंबरीनं. १९९५ मध्ये तैवानच्या एका कंपनीनं संगणकावरचा खेळ काढला, त्यावरून २००५ मध्ये 'चायनीज पॅलाडिन' ही मालिका आली, हू गे आणि ल्यू यीफेय या कलाकारांची. आजच्या श्येनश्या प्रेममालिकेचा साचा तिथे पडला.

पण खरं वळण आलं ते जालावरच्या कादंबऱ्यांनी. २००३ मध्ये सुरू झालेलं जिनजियांग हे संकेतस्थळ मुख्यतः स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहायचं ठिकाण. 'जर्नी ऑफ फ्लॉवर' आणि 'इटर्नल लव्ह' दोन्ही कादंबऱ्या तिथल्या. पुरुषवाचकांच्या साधना-कादंबऱ्यांत नायक पायरीमागून पायरी चढतो आणि प्रत्येक पायरीवर नवा शत्रू हरवतो. या लेखिकांनी तीच शिडी घेतली आणि तिनं दुसरंच काही मोजलं. इतकी साधना कमावलेला माणूस एका व्यक्तीसाठी त्यातली किती उधळायला तयार आहे? वीस हजार वर्षांची साधना दिली, अर्धा आत्मा दिला, डोळे दिले. प्रेमाचं माप आकड्यांत दिसतं, हे या प्रकाराचं मोठं आकर्षण आहे.

देवयानी यांच्या आक्षेपाचं उत्तरही इथेच थोडं आहे. अधिकारानं वर असलेल्या पुरुषाला एकेक पायरी खाली उतरायला लावणं, हे स्त्रियांनी लिहिलेलं आहे.

देवयानी_क

हे पटलं. म्हणजे निदान विचार करण्यासारखं आहे.

सोनटक्का

मूळ प्रश्नाकडे येते. रानजाईंचा अडथळा आणि मूळगावांचं माप, दोन्ही बरोबर आहेत, पण माझ्या मते गाभा वेगळा आहे. तो आहे विसरणं.

यातली प्रत्येक मोठी मालिका कुणाच्या तरी विसरण्यावर उभी आहे. बाय छियेनची शक्ती आणि स्मृती बंद होते, ती सूसू म्हणून ये ह्वाशी संसार करते, कारस्थानात डोळे गमावते, मूल झाल्यावर उंच कठड्यावरून स्वतःला झोकून देते, आणि पूर्वरूपात आल्यावर औषध पिऊन ते सगळं पुसून टाकते. तीनशे वर्षांनी दोघं समुद्राखालच्या महालात भेटतात. ती परक्यासारखी बोलते, तो तिला ओळखतो. 'अ‍ॅशेस ऑफ लव्ह'ची जिन मी तर जन्मतःच एक गोळी गिळलेली आहे, दहा हजार वर्षं प्रेम कळू नये म्हणून आईनं दिलेली. ती बापाचा खुनी समजून नायक श्यू फेंगच्या पाठीतून पातं आरपार काढते, आणि त्यानंतर ती गोळी तुटून तोंडावाटे बाहेर पडते. म्हणजे प्रेम कळतं ते त्याला मारल्यावर. 'लव्ह बिटवीन फेअरी अँड डेव्हिल'मध्ये उलट, तिथे नायकाच्या भावना बापानं लहानपणीच जाळून टाकलेल्या.

या सगळ्यात, पहिल्या भागापासून सगळं लक्षात असलेला माणूस कोण? फक्त बघणारा. पहिल्या जन्मात दिलेली केसातली काडी तिसऱ्या जन्मात एखाद्या पेटीत सापडते, पात्राला ती कुणाची ते कळत नाही, आपल्याला कळतं. त्यांचं प्रेम जतन करायचं काम पन्नास तास आपल्याकडे असतं. म्हणून मधेच मालिका सोडवत नाही. आपण सोडली तर ते आठवणारं कुणी उरत नाही, असं काहीसं वाटतं.

कालिदासानं हेच केलं होतं. दुर्वासाचा शाप शकुंतलेला ठाऊक नाही, दुष्यंताला ठाऊक नाही, ठाऊक आहे तो दोन सख्यांना आणि प्रेक्षकांना. पाचव्या अंकात ती भर दरबारात अंगठी दाखवायला जाते आणि बोट रिकामं निघतं, तेव्हा प्रेक्षकाचाच जीव वरखाली होतो.

टाळेबंद

सोनटक्का, हा प्रतिसाद वाचून एक मत बदलतो. आठवण म्हणून पुन्हा दाखवलेल्या प्रसंगांना मी सरसकट पाणी म्हटलं होतं. पात्राला विसर पडलेला असताना तोच प्रसंग प्रेक्षकाला पुन्हा दाखवणं हे पाणी नव्हे. पात्राला सगळं आठवत असताना दाखवणं हे पाणी.

रानजाई

हा भेद उत्तम. माझ्या व्रणाचंही तेच आहे. छियेनगूला तो दिसत नाही, आपल्याला दिसतो.

नवशिका_०९

सगळे प्रतिसाद वाचले. सुरुवात कुठून करू? आणि बघायचं कुठे?

घटकाभर

आधी 'लव्ह बिटवीन फेअरी अँड डेव्हिल'. भाग कमी, चित्रण स्वच्छ, आणि नियम कथेतूनच कळतात. नायिका नशिबाच्या फाटलेल्या वह्या दुरुस्त करणारी लहानशी सेविका आहे, त्यामुळे कुणाचा च्ये कसा लिहिला जातो ते तिच्या कामातूनच समजतं. तिला लागलं की नायकालाही तितकंच दुखतं, या एका मंत्रावर पहिले भाग हसत हसत जातात. मग 'इटर्नल लव्ह', मग 'अ‍ॅशेस'. 'जर्नी ऑफ फ्लॉवर'चे संगणकी राक्षस आज जुने दिसतात, ती शेवटी. वेग वाढवून बघायचं असेल तर दुय्यम जोडप्यांपुरतं सव्वापट. संवादात 'च्ये' शब्द आला की वेग पूर्ववत करा.

कळसूत्री

बघायला यूट्यूबवरच्या निर्मात्यांच्या अधिकृत वाहिन्या. टेन्सेंट या चिनी कंपनीचं वीटीव्ही (WeTV) हे अ‍ॅप भारत सरकारच्या नोव्हेंबर २०२० च्या बंदीच्या यादीत होतं, त्यामुळे भारतात त्याच्या मागे लागू नका. चोरून चढवलेल्या प्रतींत पकड चुकवायला चित्र आरशासारखं उलटं केलेलं असतं. ओळखायची खूण गळ्याशी आहे. चिनी झग्याचा डावा पदर उजव्यावर येतो, म्हणजे बघणाऱ्याला गळ्याची रेघ उजवीकडून वरून डावीकडे खाली उतरताना दिसली पाहिजे. उलटा पदर तिथे मृतांना नेसवतात.

पाऊसपाणी

अरे देवा. म्हणजे उलट्या प्रतीत लग्नाचा प्रसंग बघितला तर सगळं वऱ्हाड प्रेतवस्त्रांत!

सोनटक्का

लग्नाच्या प्रसंगात अजून एक बघा, नवशिका. तीन नमस्कार असतात. पहिला आकाश-धरतीला, दुसरा आई-वडिलांना, तिसरा एकमेकांना. ये ह्वा आणि सूसूच्या लग्नाला आई-वडील कुणीच नाहीत, नुसता डोंगर आहे. आणि लग्नानंतर बाईचे सगळे केस वर बांधतात, मोकळी बट राहत नाही. पुढच्या जन्मात ती समोर येते तेव्हा केस पुन्हा मोकळे सोडलेले असतात.

नवशिका_०९

आज रात्री पहिले दोन भाग. केसांकडे लक्ष ठेवते.